मदत हवी आहे: एमजीबी जीटीच्या डिकीच्या स्प्रिंगा काढून गॅस स्ट्रट बसवायचे आहेत

अबिंग्डनकर:
नमस्कार मंडळी. लेस्टरला राहतो, नोकरी हिशेब तपासण्याची, त्यामुळे पान्याशी ओळख उशिरा झाली. माझ्याकडे १९६८ची एमजीबी जीटी आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, १९६२ साली उघड्या टपाची आली आणि १९६५मध्ये तिला छप्पर आणि मागे उतरतं काचेचं दार मिळालं, ती जीटी. छपराच्या घडणीत इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. कारखाना इंग्लंडमधल्या अबिंग्डनला होता, १९८०मध्ये बंद झाला. माझं टोपणनाव तिथलंच.

आता रडगाणं. गेल्या रविवारी बेलग्रेव्ह रोडवरून २० किलो तांदळाची गोणी आणली. डिकी उघडली, वाकून गोणीला हात घातला आणि डोक्यावर कुठेतरी ‘टंग्’ असा आवाज झाला. पुढच्या क्षणी अख्खं दार काचेसकट पाठीवर. काच वाचली, पाठ अजून बोलतेय. बायको म्हणाली, “तांदूळ सांडले नाहीत ना?”

माझ्या गाडीत दार उचलून धरायला वरच्या बिजागऱ्यांशी स्प्रिंगा आहेत, हेडलायनिंगच्या (छताच्या आतल्या अस्तराच्या) मागे दडलेल्या. डावी तुटलीय. पुढे सत्तरच्या दशकातल्या जीटींना कंपनीनेच गॅस स्ट्रट दिले, म्हणजे दाबलेला वायू भरलेल्या, दार उचलून धरणाऱ्या नळ्या. मलाही तेच करायचंय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘सगळ्या जीटींना चालते’ असं लिहिलेली जोडी मागवली. नळीवर ४५० एन (न्यूटन, म्हणजे ढकलण्याचा जोर) छापलंय. जमिनीवर उभा धरून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे दबला. हे बसवू का? उजवी स्प्रिंग धड आहे, ती राहू दिली तर चालेल? सध्या डिकी झाडूच्या दांड्यावर उभी असते.

पद्मिनीप्रेमी:
आधी तो झाडू बदला, घसरला तर पुन्हा पाठच. छत्रीची मूठ कापून… असो, विनोद पुरे.

कोल्हापुरात गॅरेज आहे. आमच्याकडे याला सरळ ‘डिकीचा शॉकअप’ म्हणतात आणि गिऱ्हाईक येतं तेच “जरा कडक टाका” म्हणत. कडक म्हणजे चांगला असं नाही. जुना पत्रा असतो, बिजागरीच्या बोल्टांभोवती आतून गंज धरलेला. जोरदार शॉकअप रोज तिथे ढकलत राहिला की आधी रंगाला केसासारखी चीर जाते, मग पत्रा फुगतो. वरून काही कळत नाही. बसवायच्या आधी हेडलायनिंग उतरवून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग.

एक स्प्रिंग ठेवून स्ट्रट लावायचा विचारही करू नका. दार एका बाजूने पिळलं जाईल आणि तुमच्या त्या दारात मोठी काच आहे.

लीड्सची सून:
आमच्या ह्यांच्या जीटीवर हे काम मी दोन वर्षांपूर्वी केलंय, हे टॉर्च धरून उभे होते. स्प्रिंग काढताना दार पूर्ण उघडं हवं. बंद दारात ती सगळ्यात जास्त ताणलेली असते. उघड्या दारातही थोडा ताण उरतोच, म्हणून चष्मा घाला आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणू नका. दार धरायला एक माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून उभा करा. मला वाटलं होतं की नट सैल केले की निघेल. सैल केल्यावर ती जी उडाली, ती गॅरेजच्या दारावर. तिथला पोचा अजून आहे.

स्ट्रट लावताना बारीक दांडी खाली, जाड नळी वर. आत थोडं तेल असतं, ते सीलवर राहिलं तर सील सुकत नाही. आम्ही पहिल्यांदा उलटी लावली होती.

टॉर्कवाला:
पुण्यात मेकॅनिकल शिकवतो, म्हणून हात शिवशिवले. ४५० बरोबर की चूक हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. भारतात यायच्या आधी बॅगा तोलायचा लटकता काटा घरी असेलच. उरलेली स्प्रिंग काढल्यावर दार आडवं धरा, खालच्या कडेला मधोमध काटा अडकवून सरळ वर उचला. किती किलो दाखवतो? बिजागरीच्या पिनेपासून त्या कडेपर्यंत अंतर किती? आणि ब्रॅकेट जिथे येणार, तिथून तिथपर्यंत सुतळी ताणा. दार उघडं असताना पिनेपासून सुतळीपर्यंत काटकोनात किती सेंटिमीटर? तीन आकडे द्या.

अबिंग्डनकर:
काल लीड्सच्या ताईंनी सांगितलं तसंच केलं. बायकोने दार धरलं, मी चष्मा लावला. उजवी स्प्रिंग शांतपणे निघाली. काटा ८ किलो, पिनेपासून कड ९४ सेंटिमीटर, सुतळी १४ सेंटिमीटर. पत्रा टोचला, एके ठिकाणी टोक जरा रुतलं पण आरपार गेलं नाही.

टॉर्कवाला:
८ गुणिले ९.८१ गुणिले ०.९४, म्हणजे साधारण ७४ न्यूटन मीटर, हा दाराचा बिजागरीभोवती खाली फिरवणारा जोर. भागिले ०.१४ केले की ५२८ न्यूटन, दोन स्ट्रटमध्ये वाटून प्रत्येकी २६४. वर १५ टक्के धरा, ३०० एनचा घ्या. ही वाढ उगाच नाही. आतला नायट्रोजन थंडीत आकसतो. स्ट्रटवरचा आकडा २० अंशांचा असतो, शून्यावर जोर सुमारे ७ टक्के उतरतो. जानेवारीत लेस्टरला दार अर्ध्यात लोंबायला नको.

तुमचे ४५०चे दोन लावले तर त्या ७४ऐवजी १२६ न्यूटन मीटर होतात, ५२ जादा. नुसतं दार खाली ओढायला सुरुवात करताना कडेला साडेपाच किलोचा जोर लागेल, आणि दाबत जाल तसा तो स्ट्रट आणखी उलटा ढकलेल. तो जोर पद्मिनीप्रेमींच्या त्या गंजक्या पत्र्यावर. परत पाठवा.

अजून एक. मागवण्याआधी बंद दारातलं अंतरही मोजा. दार लागल्यावर स्ट्रटमध्ये अजून सेंटिमीटरभर दबायला जागा शिल्लक राहिली पाहिजे. नाहीतर तो आधीच टेकतो आणि तुम्ही दार आपटता तेव्हा मार ब्रॅकेटला बसतो.

पद्मिनीप्रेमी:
टोक रुतलं तिथे आतून जाड पत्र्याची पट्टी मारा, मग ब्रॅकेट. आणि काढलेल्या स्प्रिंगा, तुटकीसकट, ग्रीस लावून डब्यात ठेवा. उद्या गाडी विकायची झाली तर असली गाडी घेणारा आधी तेच विचारतो. ब्रॅकेटसाठी नवं भोक पाडू नका, मिळालं तर जुन्याच बोल्टांवर बसणारं शोधा.

अबिंग्डनकर:
मंडळी, ३०० एनची जोडी कालच बसली. पट्टी इथल्याच एका वेल्डरकडून मारून घेतली. दार आता एका बोटाने अर्ध्यापर्यंत उचललं की बाकीचं स्वतःच जातं, आणि हात काढला तरी जागचं हलत नाही. विक्रेता पैसे परत द्यायला तयार आहे, टपालखर्च मात्र माझा.

एकच भानगड. बंद करताना शेवटच्या इंचाला दार अडतं, दोनदा दाबावं लागतं. कडेचं रबर गेल्या वर्षीच नवं घातलंय. दोष रबराचा, कुलपाचा की स्ट्रटचा?

लीड्सची सून:
स्ट्रट दोन्ही खालून सोडा आणि दार नुसतं लावून बघा. तेव्हाही अडलं तर रबर. आमचं तेच होतं. टाल्कम पावडर मारली, आठवड्यात बसलं.