जांघेतल्या त्या गाठीबद्दल

अँजिओग्राफीनंतर वडिलांच्या जांघेत गाठ आलीय, आता चिरफाड करावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही.

ती बहुधा स्यूडोअ‍ॅन्युरिझम असावी. कॅथेटरसाठी (तपासणीत आत घालतात ती बारीक नळी) धमनीला पाडलेलं भोक नीट मिटत नाही आणि बाहेर रक्ताची पिशवी तयार होते. हात ठेवला की धडधड लागते. डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, लगेच कळेल.

आमच्या काकूंना हेच झालं होतं. पडद्यावर लाल-निळं रक्त पिशवीत गरगरताना मीही पाहिलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने थोडंसं थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं औषध) सोडलं आणि काही सेकंदांत रंग गायब! टाका नाही, पूर्ण भूल नाही. पूर्वी तिथेच सोनोग्राफीचा प्रोब दाबून धरायचे, १०-१० मिनिटं, पेशंट कळवळायचा.

२ सेंमीच्या आतली गाठ कधी कधी आपोआपही बुजते. पिशवीची मान (धमनीला जोडणारा भाग) रुंद असेल तर मात्र थ्रॉम्बिन मुख्य धमनीत निसटून पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. भोक आतून झाकायला स्टेंट (जाळीची नळी) बसवावा तर जांघेच्या घडीत तो वाकतो, म्हणून अशा वेळी सर्जन सहसा भोक शिवणंच पसंत करतात.

गाठ भराभर वाढत असेल किंवा वरची कातडी ताणून काळवंडत असेल तर उत्तरांची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.