झूमवर कवितावाचन आहे, पहिल्यांदाच वाचणार, जरा सांगा

सेकंडशिफ्टवाला
नमस्कार मंडळी, इथं वाचत असतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदा. मूळचा पिंपळगाव बसवंतकडचा, आता नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आणि सिडकोत दोन खोल्यांत आई, बायको, पोरगं आणि मी. कविता फोनच्या नोट्समध्ये लिहितो, घरी कुणालाच माहीत नव्हतं. मित्राने परस्पर एका ग्रुपवर पाठवली अन् आता पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला झूमवर नवोदितांचं वाचन आहे त्यात माझं नाव आलंय. आठ जण आहेत, प्रत्येकी चार मिनिटं, ज्यांचं एकही पुस्तक नाही असेच घेतलेत म्हणे.

आता सातला आमच्याकडं कुकर, टीव्ही आणि खाली गल्लीत पोरांचं क्रिकेट, तिन्ही एकदम. ते एक झालं. दुसरं म्हणजे मी कधी कुणासमोर वाचलेलंच नाही, यूट्यूबवर बघितलं तर लोक हातवारे करून आवाज चढवून म्हणतात, मला तसलं जमायचं नाही आणि पाठही नाही. आणि खरी भीती भाषेची. कविता आईवर आहे, ती द्राक्षबागेत विरळणीला जायची. त्यात घड, मणी, मुकादम, उक्तं (म्हणजे ठोक ठरवून घेतलेलं काम) असले शब्द, झूमवर पुण्या-मुंबईची माणसं असणार, आधी समजावून सांगू का? शेवट टाकतो:

आईच्या कैचीला ठाऊक असतं
कुठला मणी राहणार, कुठला गळणार
घरी आम्ही पाच जण
एका टोपल्याभोवती

खरं खरं सांगा, चालेल का.

गोदाकाठची
आधी अभिनंदन दादा. लॉकडाऊनमध्ये आम्ही मैत्रिणी दर शनिवारी असं वाचन करायचो, त्यामुळे सगळ्या चुका करून झाल्यात माझ्या.

सगळ्यात मोठी चूक ऐका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाकी सगळे म्यूटवर, समोर नुसते चौकोन, कुणी हूं नाही की चूं नाही, मला वाटलं नेटच गेलं. कविता मधेच थांबवून तीनदा विचारलं "आवाज येतोय ना?" एकदा तर ओळ अर्धी असताना. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लाज वाटली. हॉलमध्ये माणूस खुर्चीत हलला तरी आपल्याला कळतं, इथं ते नसतं. कविता संपली की लगेच "धन्यवाद, एवढंच" म्हणून पळू नका, दोन श्वास गप्प बसा, चॅटमध्ये टाळ्या येतात पण उशिरा येतात कारण लोक टाइप करत असतात बिचारे.

आता आवाजाचं. झूम मागचा गोंगाट आपोआप दाबतं आणि हळू आवाजात म्हटलेले ओळीचे शेवटचे शब्दही त्यालाच गोंगाट वाटतात, तेवढेच नेमके खाल्ले जातात. सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड म्हणून आहे, ते चालू केलं की दाबणं बंद होतं, पण मग कुकरची शिट्टीही जशीच्या तशी जाणार! तेव्हा शांत जागा मिळाली तरच चालू करा. वायरवाले इयरफोन घ्या, माइक शर्टच्या बटणाला घासू देऊ नका, लोकांना वाटतं तुम्ही मागे पापड भाजताय. पंखा बंद. फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफाय परत चालू करा, नाहीतर ऐन कडव्यात लोनवाल्यांचा फोन. आणि ज्या फोनवर झूम आहे त्यावरच नोट्स उघडून वाचायचं नाही, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली चिकटवा. पाठ नसली तरी काही बिघडत नाही.

आणखी एक. फुकटचं झूम चाळीस मिनिटांत बंद पडतं. आठ जणांचे चार चार म्हणजे बत्तीस झाले, त्यात सूत्रसंचालकाचं प्रास्ताविक धरा, ते कधी पाच मिनिटांत संपलंय का कुणाचं? तुमचा नंबर सातवा आठवा असेल तर आधीच विचारून ठेवा की पैसे भरलेलं खातं आहे की दुसरी लिंक येणार.

पंचवटीकर
वरच्या ताईंनी तांत्रिक सांगितलंच आहे, मी व्यवहाराचं बोलतो. पैसे मागितलेत का तुमच्याकडे? मागितले असतील तर जाऊ नका. मी एकदा पाचशे रुपये भरून एका ऑनलाइन संमेलनात वाचलंय, साठ कवी होते, दोन मिनिटं दिली आणि नंतर व्हॉट्सॲपवर काव्यभूषण म्हणून सन्मानपत्र आलं, त्यात माझं आडनाव चुकलेलं. फ्रेम करायचंही राहून गेलं.

दुसरं, हे यूट्यूबवर लाइव्ह जाणार आहे का आणि नंतर तिथंच राहणार आहे का ते विचारा. दिवाळी अंकांना कविता सहसा अप्रकाशित लागते, आणि कायमची यूट्यूबवर पडलेली कविता अप्रकाशित म्हणायची की नाही यावर एखादा संपादक अडून बसू शकतो. सगळ्यात लाडकी कविता अंकासाठी ठेवायची असेल तर त्या दिवशी दुसरी वाचा, किंवा व्हिडिओ नंतर काढायला सांगा.

भाषेचं म्हणाल तर कुसुमाग्रजांचं प्राथमिक शिक्षण तुमच्या पिंपळगावातलंच, तेव्हा तिकडच्या माणसाने कवितेला घाबरू नये, हा आपला आमचा नाशिककरांचा फुकटचा अभिमान. समजावत बसू नका. "माझी आई द्राक्षबागेत विरळणीला जायची" एवढं एक वाक्य म्हणा आणि सुरू करा. चार मिनिटांतली दीड मिनिटं प्रस्तावनेत घालवणारे मी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात पण पाहिलेत, आणि ते वाचनालय १८४० पासून सहन करतंय. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा कविकट्ट्यावर मीही वाचलं होतं, समोर बसलेले बहुतेक पुढच्या नंबरची वाट बघणारे कवीच. त्यापेक्षा झूमवरचे चौकोन बरे, निदान घड्याळ तरी दाखवत नाहीत.

निफाडचा बागवाला
भाऊ कविता भारी आहे पण एक शब्द चुकला. विरळणीत मणी गळत नाही, कापतात. गळ वेगळी, ती फुलोऱ्यात पाऊस-ढगाळ झालं की आपोआप होते, तिच्यात कुणाचा हात नसतो, आपण नुसतं डोक्याला हात लावून बघत बसतो. विरळणीत बाई घड हातात धरून आतले मणी कैचीने काढते, दाटी कमी झाली की राहिलेल्याला फुगायला जागा होते. म्हणजे चांगलाच मणी कापावा लागतो, नासका नाही. ते तुमच्या टोपल्याच्या ओळीला जास्त लागतं असं मला वाटतं, बाकी मला कवितेतलं कळत नाही.

अन् वरती कुठं श्रावण बिवण टाकला असेल तर बघून घ्या. आपल्याकडं गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, ऑक्टोबरात, विरळणी त्याच्या नंतर थंडीत. लवकर छाटणाऱ्या सटाण्याकडच्या बागांचं वेगळं.

सेकंडशिफ्टवाला
बागवाले दादा, श्रावण होता हो. दुसऱ्याच ओळीत. काढला. आणि "कुठला राहणार, कुठला कापायचा" केलं, रात्री ड्युटीवरून येताना बसमध्ये तीनदा म्हणून बघितलं तर आता घशात अडकतंय तिथं.

पैसे मागितले नाहीत, विचारलं मी. खातं पैसे भरलेलं आहे, नंबर सहावा. यूट्यूबवर टाकणार आहेत पण सांगितलं तर आठवड्याने काढतील.

काल आईला वाचून दाखवली. तिला शेवटाचं काहीच नाही, म्हणते मुकादम कुठला, आमची मुकादमीण होती, आणि उक्तं नव्हतं, रोजानं जायचो. म्हणजे अजून दोन शब्द गेले. रविवारी सातला तिची सिरियल असते, म्हणाली बंद ठेवते, पण मग मी तुझ्या समोर बसणार. त्याचंच टेन्शन आलंय जास्त. म्हणून गच्चीवर जाऊन वाचावं म्हणतोय पण वायफाय तिथं पोचत नाही.

गोदाकाठची
गच्चीवर वारा माइकमध्ये शिरतो दादा, नको. आतल्या खोलीत गोधड्यांच्या ढिगाजवळ बसा, आवाज घुमत नाही. आईंना बसू दे समोर. फक्त त्यांना आधीच सांगून ठेवा, मधेच दुरुस्ती करायची नाही म्हणून.