मदत हवी आहे: एफपीजीएवर चार युजरची एन्क्रिप्टेड लिंक, लाईट गेली की नॉन्सचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. एमटेकचा प्रोजेक्ट आहे, चार नोड आणि एक बेस, सगळीकडे झिंक ७०२० (प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट लोड करता येणारं लॉजिक, एकाच चिपमध्ये) आणि सोबत एडी९३६१ रेडिओ चिप. ओएफडीएमए (एकच बँड अनेक युजरमध्ये वाटायची पद्धत) आहे, २० मेगाहर्ट्झमध्ये ६४ सबकॅरियर, म्हणजे छोट्या फ्रिक्वेन्सी, त्या चौघांत वाटल्यात, आणि प्रत्येकाची की (गुप्त किल्ली) वेगळी, एईएस-१२८ जीसीएम, म्हणजे पॅकेट एन्क्रिप्ट करून सोबत खरेपणा तपासायचा टॅग लावणारी पद्धत. रेडिओचा भाग नीट चालतो, अडलंय ते सिक्युरिटीत.

छोटा प्रश्न: बेसवर चार एईएस कोर (एन्क्रिप्शनचे सर्किट), युजरमागे एक, टाकायचे का? गाईड टाका म्हणतात, पण ७०२० मध्ये एलयूटी (लॉजिकचे छोटे ठोकळे) ५३,२००च, आणि रेडिओच्या एफएफटी, सिंक, व्हिटर्बी या ब्लॉकनं बरीच जागा घेतलीय.

खरा प्रश्न हा: जीसीएममध्ये त्याच कीवर तोच नॉन्स (दर पॅकेटला नवा लागणारा आकडा) परत आला तर कीस्ट्रीम (डेटात मिसळायचे गुप्त बिट) सारखा होतो अन् ऑथेंटिकेशनची की पण उघडी पडते. नॉन्स देणारा माझा काउंटर एफपीजीएच्या लॉजिकमध्येच आहे, आणि इथं उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की एफपीजीए कोरा होतो, परत आली की काउंटर शून्यापासून आणि फ्लॅशमधली (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) की मात्र तीच. दर पॅकेटला फ्लॅशमध्ये लिहावं तर नॉर फ्लॅशचं सेक्टर इरेज साधारण लाखभर वेळा, ते कसं टिकणार? कोणी केलंय का असं?

प्रतिसाद १: भाऊ, कोर एकच घ्या. क्लॉकला एईएसचा एक राउंड (फेरी) करणारा साधा कोर १२८ बिटच्या ब्लॉकला ११ क्लॉक घेतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला १.१६ गिगाबिट. ८०२.११ए या जुन्या वायफायला २० मेगाहर्ट्झमध्ये जास्तीत जास्त ५४ मेगाबिट मिळतात, म्हणजे चौघांना पुरून उरेल. राउंड की (मूळ कीपासून काढलेल्या उप-की) युजरमागे ११, चौघांच्या ४४ ओळी, ब्लॉक रॅममध्ये (एफपीजीएमधल्या मेमरीत) ठेवा आणि युजर आयडी अ‍ॅड्रेसला वरून जोडा, की बदलायला वेळच लागणार नाही.

नॉन्ससाठी पॅकेट नाही, बूट मोजा. ९६ बिट असे तोडा: १६ युजर आणि दिशा, ३२ बूट नंबर, ४८ पॅकेट नंबर. बूट नंबर चालू होताना एकदाच वाढवून फ्लॅशमध्ये लिहायचा, परत वाचून खात्री करायची आणि मगच ट्रान्समिट चालू. दिशेचा बिट विसरू नका, अपलिंक-डाउनलिंकची की एकच असेल तर तिथं नॉन्स टक्कर खातात. नॉन्स गुप्त नसतो, हेडरमध्ये उघडा पाठवा, मग मधली पॅकेटं हरवली तरी डिक्रिप्ट अडत नाही.

मूळ धागाकर्ता: खूप आभार, हे जमेल! पण बेसचीच लाईट गेली तर? शेवटचा पॅकेट नंबर तो विसरणार, मग कोणी रेकॉर्ड केलेलं जुनं पॅकेट परत सोडलं तर टॅग बरोबरच निघेल ना?

प्रतिसाद १: हो, निघेल. म्हणून बेसनं उठल्यावर प्रत्येक नोडला नवा रँडम आकडा पाठवायचा आणि नोडनं तो पुढच्या प्रत्येक पॅकेटच्या एएडीमध्ये (एन्क्रिप्ट न होणारा, पण टॅग काढताना धरला जाणारा डेटा) घ्यायचा. एएडी हवेतून पाठवावा लागत नाही, दोघांकडे असतोच. जुन्या पॅकेटचा टॅग जुळणारच नाही. रँडमसाठी रिंग ऑसिलेटर (लॉजिकमधूनच रँडम बिट काढणारं सर्किट) वापरणार असाल तर कच्चे बिट थेट घेऊ नका, आधी हॅशमधून काढा.