मदत हवी आहे: आयएल-६ एलायझा, नमुना पातळ केला की आकडा बदलतोय

नमस्कार मंडळी,

पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. आमवाताच्या रुग्णांच्या सिरममध्ये (रक्तातला पेशी काढलेला द्रव) आयएल-६ हे सूज वाढवणारं प्रथिन मोजतेय. नेहमीचं सँडविच एलायझा किट (दोन अँटिबॉडींच्या मधे प्रथिन पकडून रंगावरून मोजायचं), आधीच कोट केलेली ९६ वेलची प्लेट. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) डबल लावले की १६ वेल जातात, उरलेल्यात ४० नमुने डबल बसतात.

त्यातल्या ६ नमुन्यांनी झोप उडवलीय. टीएमबी (रंग आणणारं द्रावण) घातल्यावर सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्या आधी हेच वेल निळे होतात. ॲसिड घालून ४५० नॅनोमीटरला वाचलं तर एकाचा हिशोब १९० पिकोग्रॅम प्रति मिली. याच रुग्णांचं सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) मात्र ५ च्या आत, म्हणजे नॉर्मल. आयएल-६ च यकृताला सीआरपी बनवायला लावतं, मग ते इतकं वर असताना सीआरपी गप्प कसं?

आधी माझ्याच हातावर संशय घेतला. वॉश वाढवले, कडेचे वेल सोडून पुन्हा लावलं. डुप्लिकेट जुळतात, सीव्ही (डुप्लिकेटमधली तफावत) ८ टक्क्यांच्या आत, कर्व्हही छान बसतो. सरांनी टोसिलिझुमॅब या औषधाबद्दल विचारलं, कारण ते आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं आणि रक्तात आयएल-६ वाढूनही सीआरपी खाली राहतं. पण हे सहाही जण फक्त मेथोट्रेक्सेट या औषधावर आहेत.

मग डायल्यूशन करून पाहिलं. पटीने गुणल्यावर आकडे सारखेच यायला हवेत, पण त्याच नमुन्याचे असे आले: दुप्पट पातळ १९०, चौपट ११८, आठपट ६४. हूक इफेक्ट (प्रथिन फारच जास्त असल्याने आकडा खोटा कमी येणं) असता तर पातळ केल्यावर आकडा चढला असता, इथे उतरतोय. स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेलं आयएल-६ किती परत मोजलं जातं) मात्र ९४ टक्के, म्हणून गोंधळ.

सहाही जणांचा आरए फॅक्टर (इतर अँटिबॉडींच्या शेपटीला चिकटणारी, आमवातात आढळणारी अँटिबॉडी) जोरदार पॉझिटिव्ह आहे. माझा अंदाज असा की तो किटमधल्या दोन्ही अँटिबॉडींच्या शेपट्या धरून मधे पूल बांधतोय, आणि आयएल-६ नसतानाच रंग येतोय.

हे नमुने आउटलायर म्हणून काढून टाकायला मन तयार नाही. त्यातल्या एक आजी वाईहून एसटीने आल्या होत्या. बोटं इतकी आखडलेली की रक्त घेताना मूठ वळेना, तिसऱ्या वेळी शीर सापडली. आता त्यांचं औषध बदललंय, म्हणजे तो नमुना पुन्हा मिळणार नाही. प्रत्येकाचं जेमतेम १५० मायक्रोलिटर उरलंय आणि प्लेट एकच.

पीईजी या रसायनाने अँटिबॉडी खाली बसवू, की डायल्यूशन बफरमध्ये ब्लॉकिंग आयजीजी (आरए फॅक्टरला गुंतवून ठेवणाऱ्या साध्या अँटिबॉडी) घालू? घातलं तर किती? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, अंदाज बरोबर वाटतो. स्पाइक रिकव्हरीवर जाऊ नका. पुलामुळे खोटा सिग्नल नुसता वर जोडला जातो, घातलेलं आयएल-६ नीटच परत मिळतं. त्यामुळे ती परीक्षा इथे काही सांगत नाही.

पीईजी नको. सिरम कमी आहे, आणि त्यासोबत थोडं आयएल-६ ही खाली बसू शकतं. आधी किटचा कागद बघा, अँटिबॉडी कुठल्या प्राण्यातल्या आहेत. त्याच प्राण्यांचं साधं, नॉन-इम्यून आयजीजी घ्या. प्रमाण ठरवायला एकाच नमुन्यात तीन चढत्या मात्रा लावा, आकडा उतरायचा थांबेल ती मात्रा घ्या. सोबत आरए फॅक्टर निगेटिव्ह असलेला एक नमुना हवाच. ब्लॉकर घालून त्याचाही आकडा पडला, तर ब्लॉकरच गडबड करतोय. शेवटी पुन्हा डायल्यूशन, आणि ८० ते १२० टक्क्यांत जुळलं तरच तो आकडा थिसिसमध्ये घ्या.

धागाकर्ती

खूप आभार दादा. कागद काढला: कॅप्चर (प्रथिन पकडणारी) अँटिबॉडी उंदराची, डिटेक्शन (पकडलेलं प्रथिन दाखवणारी) शेळीची. म्हणजे दोन्ही आयजीजी लागतील ना? शेजारच्या लॅबमध्ये उंदराचं आहे, शेळीचं उद्या मागवते. मात्रा ठरवायला आजींचा नमुना वापरणार नाही, ज्याचं सिरम जास्त उरलंय तो घेते. प्लेट लावली की इथेच आकडे टाकते.