विहिरीत पांढरी माती लागली, चिनी मातीच का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमच्या कुळागराच्या वरच्या अंगाला विहीर खणताना जांभ्या चिऱ्याचा थर संपला आणि खाली पांढरी, मऊ माती लागली. चोळली तर पावडरीसारखी, जिभेला लावली तर चिकटते. मधूनमधून गुलाबी-जांभळ्या शिरा आहेत, तो लोहाचा अंश असावा. जांभ्याखाली केओलिनाइट (चिनी मातीतलं मुख्य खनिज) असलेली माती सापडतेच. आपल्यासारख्या उष्ण, पावसाळी हवेत खडकातलं फेल्डस्पार हे खनिज कुजून ती बनते.

पाण्यात कालवली, वाळू तळाशी बसू दिली, वरचं दुधाळ पाणी फडक्यातून गाळलं. मिळालेला गाळ सुरेख आहे, पण वळायला घेतला की कडा तडकतात. केओलिन, म्हणजे चिनी माती, मुळात कमी लवचिक, म्हणून त्यात बॉल क्ले (जास्त लवचिक, चिकण माती) घालतात म्हणे. प्रमाण किती धरावं?

खरी अडचण भाजणीची. साधारण ५५० अंश सेल्सिअसला या मातीतलं बांधलेलं पाणी निघून जातं, पण पोर्सेलीन व्हायला १३०० च्या आसपास ताप लागतो. गावच्या भट्टीला ते झेपणार नाही. फेल्डस्पार किंवा काचेची पूड घालून कमी तापात कुणी काही जमवलंय का?

काका म्हणतात, चतुर्थीच्या मूर्तींना सफेदा म्हणून लाव. हे पटतंय. चित्रशाळावाल्यांनो, खळ किती घालता? शेजारची वहिनी मात्र चेहऱ्याला लावायला मागतेय, तिला तपासणीआधी देणार नाही!

एक्स-रे डिफ्रॅक्शनची (मातीतली खनिजं ओळखणारी) तपासणी गोव्यात बाहेरच्यांना कुठे करून मिळते?