मदत हवी आहे: दोन इथरनेट नेटवर्कमधून एमएसजीचा (एका पीएलसीने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरने, दुसऱ्याचा डेटा वाचायची सूचना) पाथ

कॉम्पॅक्टलॉजिक्स एल33ईआर पीएलसीला (192.168.1.5) दुसऱ्या नेटवर्कवरच्या तशाच पीएलसीमधून (192.168.2.20) 20 डीआयएनटी (32-बिट पूर्णांक) वाचायचे आहेत. मध्ये कंट्रोललॉजिक्स रॅक (एकाच बॅकप्लेनवर, म्हणजे मागच्या जोडपट्टीवर, बसवलेली मोड्यूल्स): स्लॉट 0 सीपीयू, स्लॉट 1 मध्ये ईएन2टी हे इथरनेट मोड्यूल (192.168.1.10), स्लॉट 2 मध्ये दुसरं ईएन2टी (192.168.2.10).

पाथ (पोर्ट आणि पत्ता अशा जोड्या; पोर्ट 1 म्हणजे बॅकप्लेन, 2 म्हणजे इथरनेट): 2, 192.168.1.10, 1, 2, 2, 192.168.2.20, 1, 0

एरर 16#0001, एक्स्टेंडेड 16#0204, म्हणजे टाइमआउट. पण तुकड्यांत सगळं चालतं: रॅकच्या सीपीयूपर्यंत 2, 192.168.1.10, 1, 0 आणि त्या सीपीयूतून पुढे 1, 2, 2, 192.168.2.20, 1, 0. टॅगचं (पीएलसीतल्या व्हेरिएबलचं) नाव, एक्स्टर्नल ॲक्सेस (बाहेरून वाचायची परवानगी) तपासलं. कॅश कनेक्शन (एमएसजी संपल्यावरही कनेक्शन उघडं ठेवायचा पर्याय) चालू-बंद करून पाहिलं.

प्रोड्यूस्ड-कन्झ्यूम्ड टॅग (एक पीएलसी सतत पाठवतो, दुसरा घेतो असे) दोन इथरनेटमधून ब्रिज होत नाहीत, म्हणून एमएसजीच हवा. राउटर बसवता येत नाही, रॅकचा प्रोग्रॅम बदलायची परवानगी नाही. पाथमध्ये काही चुकतंय, की अनकनेक्टेड टाइमआउट (कनेक्शन न उघडता पाठवलेल्या संदेशाच्या उत्तराची वाट पाहायची वेळ) वाढवायला हवा?