केबलवरच्या बातम्या एचडीत न्यायच्या आहेत – कॅमेरे आणि एडिटिंगचा सेट सुचवा (बजेट ५ लाख)

वाळवंटकर_पंढरपूर
नमस्कार मंडळी. पंढरपुरात आमचं लोकल केबल न्यूज चॅनेल आहे. रोज संध्याकाळी अर्ध्या तासाचं बुलेटिन, रात्री आणि सकाळी रिपीट, मग तेच यूट्यूबवर. आजवरचं काम सोनीच्या दोन पीडी१७० कॅमेऱ्यांवर चाललं. आता टेप मिळत नाहीत, एका कॅमेऱ्याचं हेड गेलंय, आणि यूट्यूबवर आमचं ७२० बाय ५७६चं चित्र मोबाइलवाल्या पोरांपुढे फिकं पडतं. आषाढीच्या आत बदल करायचाय.

हवंय ते: फिल्डसाठी दोन कॅमेरे, एक एडिटिंग मशीन, माईक. सगळं मिळून ५ लाख, जीएसटी धरून. मालकांनी आकडा ठरवून दिलाय, वर एक रुपया नाही. काम नगरपालिकेच्या सभा, बाजार समिती, अपघात, पहाटेचे कार्यक्रम आणि वारीतली गर्दी, तीही पावसात. एडिटर एकच आहे. तो एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो आणि पडद्यावरच्या पट्ट्या श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतो. असा बदल कुणी केला असेल तर काय घेतलं ते सांगा.

नगरी_कॅमेरा
डोळे झाकून सोनी झेड९० घ्या. एक इंची सेन्सर, १२ पट झूम, एसडीआय (चित्र लांब नेणाऱ्या व्यावसायिक वायरची जोडणी), दोन एक्सएलआर (व्यावसायिक माईकच्या जोडण्या), एचडीत ५० एमबीपीएस १०-बिट रेकॉर्डिंग, कॅमेऱ्यातूनच लाईव्ह. आमच्याकडे दोन आहेत. मोठ्या चॅनेलचे लोक कार्यक्रमात आमचा कॅमेरा हातात घेऊन बघतात. दोन घ्या, एकाने भागत नाही.

वाळवंटकर_पंढरपूर
दादा, दोन झेड९० घेतले की कॉम्प्युटर आणि माईकला काही उरत नाही. बजेट ५ लाख, सगळं मिळून.

नगरी_कॅमेरा
मग बजेट वाढवा. कॅमेरा परत परत घेतला जात नाही.

फ्रेम_पुणे
व्हिडिओ कॅमेऱ्याचा जमाना गेला. मिररलेस बॉडी (लेन्स बदलता येणारा फोटो-व्हिडिओ कॅमेरा) आणि एक चांगली लेन्स घ्या. मुलाखतीत मागचं असं धूसर होतं की अँकर सिनेमातला वाटतो. मी लग्नाची कामं करतो, क्लायंट फक्त लूक बघतो.

जुना_कॅमेरामन
बातमीला लूक लागत नाही, घटना दिसावी लागते. मंत्री गाडीतून उतरतो, चार पावलं चालतो, बाईट देतो आणि निघून जातो. तेवढ्यात लेन्स बदलायची की फोकस बघायचा? पीडी१७० एक लक्सच्या, म्हणजे अगदी मंद उजेडात चित्र द्यायचा, आणि अंगठ्याखाली झूम. त्या कॅमेऱ्यावर आम्ही निवडणुका काढल्या. शिवाय मिररलेस अर्ध्या तासाला बंद पडतो, पालिकेची सभा चार तास चालते.

फ्रेम_पुणे
काका, ती २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा युरोपातल्या कस्टम्सच्या नियमामुळे होती. नवीन बऱ्याच बॉडींना ती नाही.

जुना_कॅमेरामन
नियम गेला असेल, उष्णता गेली नाही. मे महिन्यात बाजार समितीच्या पत्र्याखाली तासभर सलग रेकॉर्ड करून दाखव, मग बोलू.

हेडएंड_सोलापूर
मी केबलच्या धंद्यात आहे, म्हणून मूळ प्रश्न विचारतो. तुमचा ऑपरेटर तुमच्याकडून सिग्नल कसा घेतो? पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने एसडी एन्कोडरमध्ये (केबलसाठी चित्र डिजिटल करणारं यंत्र, एसडी म्हणजे एचडीच्या आधीचं कमी स्पष्ट चित्र) जात असेल, तर तुम्ही कुठलाही कॅमेरा आणा, घरी एसडीच दिसणार. आधी कंट्रोल रूममध्ये जाऊन एन्कोडरची मागची बाजू बघा. एचडीएमआय किंवा एसडीआय इनपुट आहे का, एचडीसाठी जागा देणार का, हे लिहून घ्या.

दुसरं, बऱ्याच घरांत अजून एसडी बॉक्स आणि जुने चौकोनी टीव्ही आहेत. १६:९चं चित्र तिथे दोन्ही बाजूंनी कापलं जातं. नावाची पट्टी आणि चॅनेलचा लोगो मधल्या ४:३ भागात बसवा, नाहीतर सरपंचाचं आडनाव टीव्हीबाहेर जाईल.

वाळवंटकर_पंढरपूर
साहेब, आजच जाऊन आलो. सध्या पिवळी वायरच आहे. पण नवीन एन्कोडरला एचडीएमआय आहे, आणि आम्ही एचडी दिलं तर ते एचडी स्लॉट देणार म्हणाले. तसं त्यांच्याकडून लेखी मागितलंय.

एडिसन_न्यूजर्सी
आमच्याकडे हीच उपकरणं स्वस्त पडतात. कुणी येणारं असेल तर त्यांच्यासोबत मागवा. माझ्या भाच्यासाठी मी असाच कॅमेरा पाठवला होता.

एडिटर_दादर
बातमीच्या कामाला तिकडचा कॅमेरा आणू नका. अमेरिकेत विकले जाणारे काही कॅमेरे फक्त ६० हर्ट्झच्या हिशोबाने चालतात. आपली वीज ५० हर्ट्झ. पालिकेच्या सभागृहात ट्यूबलाइटखाली १/६० शटरने शूट केलं की चित्र लुकलुकतं आणि ते एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. इथे ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) किंवा ५०आय (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम) असलेलाच घ्या आणि शटर १/५०वर ठेवा. वॉरंटी आणि जीएसटीचं इनपुट क्रेडिट जातं ते वेगळंच. मुंबईत बोरा बाजारातही बिलाशिवाय माल दाखवतात, बिल मागाच.

वैशाली_नाशिक
सगळे कॅमेऱ्यावरच बोलताय. मी रिपोर्टर आहे, माझं ऐका. चित्र थोडं मऊ असलं तर लोक बघतात, आवाज फाटला की चॅनेल बदलतात. कॅमेऱ्याला एक्सएलआर हवाच. हातात धरायचा डायनॅमिक माईक घ्या, त्याला फँटम पॉवर (कॅमेऱ्यातून माईकला मिळणारी वीज) लागत नाही, पावसात चालतो, आणि मागचे टाळ-मृदंग कमी घेऊन बोलणाऱ्याचा आवाज जास्त घेतो. त्यावर चॅनेलचा बूम (लोगोचा ठोकळा) बसवा. वायर लांब घ्या.

सगळीकडे दिसतात ते छोटे वायरलेस माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. गोदाघाटावर गर्दीत सगळ्यांचे फोन आणि वायफाय सुरू असताना माझ्या मुलाखतीतला आवाज मधूनमधून गायब झाला, आणि ते मला स्टुडिओत आल्यावर कळलं. वारीत त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि कॅमेरामनच्या कानात हेडफोन हवा, तोही खरेदीच्या यादीत लिहा.

नगरी_कॅमेरा
झेड९०ला दोन एक्सएलआर आहेत, मी वर लिहिलंच आहे.

मोजो_लातूर
मी एकटाच सगळी बातमी मोबाइलवर करतो. ५ लाखांत प्रत्येक रिपोर्टरला चांगला फोन द्या, कॅमेरामनची गरजच उरणार नाही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात २५ फ्रेम आणि शटर लॉक करता येतं.

वाळवंटकर_पंढरपूर
आमचे दोन कॅमेरामन वीस वर्षं वाऱ्या करताहेत. त्यांना काढून फोन घ्यायचा विचार नाही. फोन रिपोर्टरकडे आहेतच, अपघाताचं पहिलं चित्र त्यांच्याकडूनच येतं.

एडिटर_दादर
मोबाइलचं फुटेज येत असेल तर एडिटरला सांगा: फोनच्या साध्या कॅमेऱ्यात फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो, म्हणून लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातून एकसारख्या फ्रेम रेटला बदलून मग टाइमलाइनवर घ्या.

आता मशीन. इंटेलचा प्रोसेसर घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला घ्या. एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंक (व्हिडिओ झटपट उलगडणारी इंटेलची सोय) मिळत नाही, आणि कॅमेऱ्याच्या कार्डवरच्या एच.२६४ प्रकारच्या फाइल चालवायला एडियसला तेच उपयोगी पडतं. दुकानदार एफवाला थोडा स्वस्त म्हणून पुढे करतो. ३२ जीबी रॅम, सॉफ्टवेअर आणि चालू कामाला एनव्हीएमई एसएसडी, जुन्या बातम्यांना साधी हार्ड डिस्क. नुसत्या कटिंगला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

सगळं १०८० ५०पीत शूट करा. त्यातून केबलला ५०आय काढता येतं, यूट्यूबला ५०पी तसंच चढतं. फोरकेच्या नादाला लागू नका. ५० एमबीपीएसला तासाला साधारण २२ जीबी लागतात, १५० एमबीपीएसच्या फोरकेला ६७.

फ्रेम_पुणे
फोरकेत शूट केलं की एचडीत क्रॉप करता येतं. एका शॉटमधून वाइड आणि क्लोज दोन्ही निघतात. आणि एडियस कशाला? दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, पैसे वाचतील.

एडिटर_दादर
रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी बुलेटिन सुटायचं असतं, आणि एडिटर एकच आहे. वारीच्या तोंडावर त्याचं सॉफ्टवेअर बदलायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय फुकट आवृत्ती विंडोजवर १०-बिट ४:२:२ (जास्त रंग साठवणारं) एच.२६४ उघडत नाही, म्हणजे झेड९०च्या त्याच ५० एमबीपीएसच्या फाइल अडकू शकतात.

बदलायचीच असेल तर लिपी बदला. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली बातमी यूट्यूबच्या शीर्षकात चिकटवली की अगम्य अक्षरं येतात, म्हणून तेच परत टाइप करावं लागतं. बातमी युनिकोडमध्ये एकदाच लिहा. पट्टी, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे तीच चालेल. पुढे कधी प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरवर गेलात तर त्याच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करा, नाहीतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी विस्कटते.

जुना_कॅमेरामन
श्रीलिपीचे फॉन्ट पट्टीवर जसे ठसठशीत दिसतात तसा एकही युनिकोड फॉन्ट मी पाहिला नाही.

एडिटर_दादर
काका, मुक्ता आणि बालू बघा. दोन्ही मोफत आहेत, आणि बालू जाड पट्टीसाठी छान बसतो.

कृष्णाकाठ_सांगली
२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमची एडिटिंग रूम तळमजल्यावर होती. कॅमेरे उचलले, हार्ड डिस्कचं कपाट राहिलं. अनेक वर्षांच्या बातम्या गेल्या, त्यात गावातल्या गेलेल्या माणसांच्या मुलाखती होत्या, त्या आता कुठेच नाहीत. तुमच्याकडेही उजनीतून पाणी सोडलं की चंद्रभागा चढते. मोठ्या डिस्क दोन घ्या, दोन्हीत तेच भरा, एक वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवा. आणि टेपा फेकू नका. एक पीडी१७० चालू आहे तोवर फायरवायरने (कॅमेरा पीसीला जोडायची जुनी वायर) सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, तासाच्या टेपला १३ जीबी लागतात. नवीन मशीनला फायरवायर नसेल, म्हणून जुना पीसी मोडीत काढू नका.

हेडएंड_सोलापूर
डिस्कचा विषय निघालाय म्हणून: नोव्हेंबर २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एमएसओच्या (केबल ऑपरेटरांना सिग्नल पुरवणारी कंपनी) लोकल चॅनेलची नोंदणी लागते, आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. जबाबदारी एमएसओची असली तरी ते तुमच्याकडेच मागतील. २४ तास ८ एमबीपीएसने साठवलं तर दिवसाला ८६ जीबी, ९० दिवसांना जवळपास ८ टीबी. ४ एमबीपीएसने निम्मं. नोंदीसाठी तेवढं पुरेसं आहे.

रत्नांग्री
पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, रोज. आमच्याकडे कोकणात एका पावसात लेन्स गेली. कॅमेऱ्याचा रेनकोट घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत आतून वाफ धरते.

नगरी_कॅमेरा
एकच झेड९० घ्या आणि दुसरा पुढच्या वर्षी. हे तरी ऐका.

हेडएंड_सोलापूर
वारीचं लाईव्ह कसं करणार? एकादशीला लाखो फोन एका जागी येतात, तिथे सिमवरचं लाईव्ह अडकणारच. मोठी चॅनेल्स चार-सहा सिम एकत्र बांधतात, तरी त्यांचं चित्र थिजतं. तुमच्याकडे त्यांच्याकडे नसलेली गोष्ट आहे: ऑपरेटरची फायबर गावभर आहे. घाटाजवळच्या एखाद्या घरापर्यंत रिकामा कोअर (फायबरमधला न वापरलेला धागा) मागा. कॅमेऱ्यातून एसडीआय, एसडीआय-टू-फायबर कन्व्हर्टर, पलीकडे कंट्रोल रूममध्ये परत एसडीआय आणि तिथून एचडीएमआय. यात इंटरनेट लागत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीला आम्ही असंच करतो. कॅमेऱ्यापासून कन्व्हर्टरपर्यंत चांगली एसडीआय केबल ५० मीटर आरामात जाते, एचडीएमआयवर तेवढा भरवसा नको.

वाळवंटकर_पंढरपूर
मंडळी, मनापासून आभार. हा शेवटचा मुद्दा मालकांना इतका पटला की फायबरचं ते स्वतः ऑपरेटरशी बोलले. मठाच्या गच्चीवर जागाही मिळाली.

खरेदी झाली. एक कॅनन एक्सए६५, एक एक्सए६०. झेड९० नाही, मिररलेस नाही. सेन्सर लहान आहे, एक इंचाच्या निम्म्यापेक्षा कमी, हे माहीत आहे. पण झूम २० पट आहे. गच्चीवरून वाळवंटातल्या दिंडीतला चेहरा आम्हाला हवाय, आणि १२ पटीत तो मिळत नाही, हे आमच्या कॅमेरामननी जुन्या कॅमेऱ्यामागे उभं राहून दाखवलं. दोन्ही कॅमेऱ्यांचा रंग, बॅटरी आणि मेनू एकच, म्हणून कोण कुठला घेऊन गेला याने फरक पडत नाही. एक्सए६५ला एसडीआय आहे, तो गच्चीवर. पहाटेच्या अंधारासाठी दोन एलईडी दिवे घेतले.

वैशालीताईंचे दोन डायनॅमिक माईक, हेडफोन आणि लांब वायरी घेतल्या. मशीन एफ नसलेलं, ८ टीबीच्या दोन डिस्क. सॉफ्टवेअर एडियसच. युनिकोडचं एडिटरने मान्य केलंय, पण आषाढीनंतर. चालू पीडी१७० ठेवला आहे, टेपा उतरवायचं काम सुरू झालंय. सगळं ५ लाखांत बसलं, पक्क्या बिलाने.

नगरी_कॅमेरा
एवढ्या लहान सेन्सरवर पहाटेच्या चित्रात दाणे दिसणार. तुम्हाला झेड९० लागणारच, बघा.

वैशाली_नाशिक
छान केलंत दादा. फोम कव्हर घेतलंत का? गच्चीवर वारा असेल, उघड्या माईकवर घोंघाट येतो.

हेडएंड_सोलापूर
फायबरची चाचणी एकादशीच्या आठ दिवस आधी, पावसात घ्या. गच्चीवरचा कन्व्हर्टर झाकून ठेवा आणि त्याला वेगळा यूपीएस द्या. गर्दीत वीज गेली तर कॅमेरा बॅटरीवर चालेल, कन्व्हर्टर चालणार नाही.

वाळवंटकर_पंढरपूर
यूपीएस यादीत नव्हता. उद्याच घेतो, माउली. फोम कव्हरही.